चार्ल्सटन येथें दोन दिवस

आम्ही या विद्यालयाचे कांहीं माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंतील अटलांटा येथें राहतों. गेल्या वसंत ऋतूंत एका शनिवारीं पहाटे मुलाबाळांसह निघून, पांच तास मोटारींत बसून, आम्ही दक्षिण कॅरोलिना संस्थानांतील चार्ल्सटन या समुद्रकांठच्या शहरीं गेलों.

हें शहर इंग्रजांनीं १६७० सालीं वसविलें. ॲश्ले व कूपर या नद्यांमधील चिंचोळ्या भूशिरावर तें पसरलें आहे. जुन्या घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे असून लांब बाजूस खालींवर पडव्या आहेत. त्यांतून समुद्राचा वारा सरळ आंत येतो. कोंकणांतल्या माणसास हें पाहून घरची आठवण व्हावी. शनिवारची दुपार आम्हीं हीं घरें व त्यांचीं फुललेलीं आवारें पाहण्यांतच घालविली, आणि येथील लोक किती सुखांत नांदले असतील, असें आपसांत बोलूनही गेलों.

तें बोलणें फार वेळ टिकलें नाहीं. एका जुन्या भिंतीपाशीं वाटाड्यानें विटेवर उमटलेले बोटांचे ठसे दाखविले. आसपासच्या मळ्यांवर गुलामांकडून विटा पाडून घेत. ओल्या विटा उलथून वाळविण्याचें काम पुष्कळदां लहान मुलांकडे असे. आमच्याबरोबरच्या एका आठ वर्षांच्या मुलीनें आपलीं बोटें त्या खळग्यांत ठेविलीं. तीं बरोबर बसलीं. "हिचें नांव काय होतें?" असें तिनें विचारलें. आम्हांपैकीं कोणासही उत्तर देतां आलें नाहीं.

रविवारीं सकाळीं नावेनें सम्टर किल्ल्यावर गेलों. १२ एप्रिल १८६१ रोजीं पहाटे याच किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या व अमेरिकेंतील यादवी युद्धास आरंभ झाला. पुढें उत्तरेनें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, तिकडचा कापूस अडला, आणि मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर आला. १८६५ सालीं युद्ध संपतांच पेढ्यांचीं दिवाळीं निघालीं. हा धडा आम्हीं शाळेंत पाठ केला होता, पण त्याचें एक टोंक या बेटावर आहे, हें तेव्हां मनांत आलें नव्हतें.

मुलांना मात्र तोफांपेक्षां रॉबर्ट स्मॉल्सची हकीकत अधिक आवडली. हा तेवीस वर्षांचा गुलाम दक्षिणेच्या 'प्लँटर' नांवाच्या आगबोटीवर सुकाणू धरीत असे. १३ मे १८६२ रोजीं पहाटेच्या अंधारांत, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोंपले असतां, त्यानें कप्तानाची टोपी डोक्यावर घातली, बोट सोडली, वाटेंत बायकामुलांस घेतलें, आणि सम्टरसमोरून जातांना ठरलेली शीळ वाजवून पहारेकऱ्यांस चकविलें. नंतर पांढरी चादर निशाण म्हणून चढवून तो उत्तरेच्या आरमारास जाऊन मिळाला. पुढें तो अमेरिकेच्या लोकसभेंत निवडून गेला. आणि ज्या मालकाच्या घरीं तो राबला, तेंच घर त्यानें विकत घेतलें!

परततांना गॅड्सडेन धक्क्यावरील, २०२३ सालीं उघडलेलें संग्रहालय पाहिलें. याच धक्क्यावर आफ्रिकेंतून आणलेल्या हजारों माणसांस उतरवीत. तेथें कुळांचा शोध घेणारा एक विभाग आहे. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांचें वय, लिंग व मालकाचें नांव लिहीत. त्यांचें स्वतःचें नांव बहुधा लिहीतच नसत. तें १८७० पासून येऊं लागलें. त्या मुलीस आम्हीं हें समजावून सांगितलें. तिनें ऐकून घेतलें, पण मोटारींत ती बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत होती.