किरणोपचारतज्ज्ञाची निवड : भाच्यास पत्र



दाजींच्या गालातील कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडून पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आला आहे आणि आता किरणोपचार, म्हणजे बोलीत ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात तो उपचार, कोठे व कोणाकडून घ्यावा, हा प्रश्न तुझ्यापुढे आहे. नातेवाइकांच्या बैठकीत याचे उत्तर बहुधा सर्वांत मोठा डॉक्टर किंवा सर्वांत नवे मशीन अशा मापाने शोधले जाते. ही दोन्ही मापे येथे अपुरी पडतात, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या मुखकर्करोगात साधारणतः 60 ते 66 ग्रे इतकी मात्रा रोज 2 ग्रेप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे दिली जाते, आणि एवढ्या काळात ती एकाच्या नव्हे तर अनेकांच्या हातून जाते. ग्रे हे शरीराच्या ऊतींनी शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचे एकक होय.

पात्रतेविषयी फार शोध करावा लागत नाही. किरणोपचारतज्ज्ञ, म्हणजे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, हा एम.डी. किंवा डी.एन.बी. झालेला असतो, आणि केमोथेरपी देणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट किंवा सोनोग्राफी-सीटी वाचणारा रेडिऑलॉजिस्ट यांच्याहून तो वेगळा असतो; कित्येक घरांत हे तिघे एकच समजले जातात आणि चुकीच्या दारात आठवडा जातो. पदवी व वैद्यक परिषदेची नोंदणी पाहिल्यावर भिंतीवरची प्रमाणपत्रे मोजू नयेत. त्याऐवजी, हा तज्ज्ञ तोंड व मानेचे रुग्ण नेहमी पाहतो काय, आणि दाजींचे प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, केमोचे डॉक्टर व पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात त्या बैठकीत, ठेवले गेले काय, हे विचारावे. अहवालात काढलेल्या भागाच्या कडेला रोग आढळला असेल किंवा मानेतील गाठीचे आवरण भेदून तो बाहेर आला असेल, तर किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देण्याचा विचार केला जातो. दाजींच्या मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला ते झेपेल काय, याचे उत्तर एकट्या किरणोपचारतज्ज्ञाने देऊन भागत नाही.

तज्ज्ञाचे खरे कौशल्य मात्र रुग्णाला सहसा दिसत नाही अशा ठिकाणी असते. प्रथम चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मास्क बसवून, डोके रोज त्याच स्थितीत राहील अशी व्यवस्था करून, प्लॅनिंगचा सीटी स्कॅन काढतात. नंतर त्या स्कॅनच्या काही मिलिमीटर जाडीच्या प्रत्येक कापावर तज्ज्ञाला संगणकाच्या पडद्यावर रेषा काढाव्या लागतात : किरणे कोठपर्यंत पोहोचली पाहिजेत याची एक, आणि लाळग्रंथी, मज्जारज्जू, खालचा जबडा यांना कोठे वाचवायचे याच्या इतर. रेषा आखूड पडली तर रोग बाहेर राहतो आणि सैल पडली तर दाजींचे तोंड आयुष्यभर कोरडे राहते. त्या रेषांवरून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ मात्रेचे गणित मांडतो. मज्जारज्जूला सुमारे 45 ग्रेच्या आत ठेवणे, कानाखालच्या लाळग्रंथीची सरासरी 26 ग्रेच्या खाली आणणे, अशा मर्यादा तो पाळतो, आणि जमणार नाही तेथे तडजोड कशात करायची हे तज्ज्ञ ठरवतो. म्हणून भेटीत विचारण्याजोगा सर्वांत उपयोगी प्रश्न असा की, या रेषा स्वतः तज्ज्ञ काढतो की कनिष्ठ डॉक्टर, आणि कनिष्ठाने काढल्यास त्या कोण तपासतो. हा प्रश्न ऐकून जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे उपचार घेण्याची घाई करू नये.

यंत्राविषयी थोडक्यात. लिनिअर अॅक्सिलरेटरवर आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-अधिक करण्याची पद्धत, उपलब्ध असावी, कारण लाळग्रंथी वाचवण्यात तिचा लाभ सिद्ध झालेला आहे. यंत्रावर अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना असणे कायद्याने बंधनकारक असते. प्रोटॉन उपचाराच्या जाहिराती पाहून घरदार गहाण टाकण्याचे कारण दाजींच्या रोगात दिसत नाही.

कालाचा विचार मात्र यंत्राहून मोठा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावा असा संकेत आहे, आणि एकदा सुरू झाल्यावर मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. म्हणूनच यंत्र बंद पडले किंवा सुट्ट्या आल्या तर बुडालेले सिटिंग कसे भरून काढतात, शनिवारी बोलावतात की किमान सहा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा देतात, हे आधीच विचारून ठेवावे. ज्या केंद्राजवळ याचे तयार उत्तर नाही, तेथे हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेलाच नसतो.

या दृष्टीने परळचे टाटा स्मारक रुग्णालय, ज्याची ख्याती 1941 पासूनची आहे, ते मत घेण्यासाठी उत्तम ठिकाण आहे. पण तेथे रांगेत तारीख दूर जात असेल, तर लेखी मत घेऊन उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेण्यात कमीपणा काहीच नाही. परांड्याहून बार्शी जवळ असल्याने दाजी रोज घरी परततील, अक्काच्या हातचे पातळ अन्न त्यांना मिळेल, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंडात फोड येऊन गिळणे अवघड होते तेव्हा ही गोष्ट यंत्राच्या नावापेक्षा अधिक कामी येईल. मुंबईच ठरली, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेची चौकशी तारीख मिळण्यापूर्वीच करावी.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत निवडलेले रुग्णालय आहे काय आणि किरणोपचाराची मंजुरी किती दिवसांत येते, हे तेथील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. मंजुरीतले दिवसही वर सांगितलेल्या सहा आठवड्यांतच मोजले जातात. दाजींना येत्या दोन दिवसांत दंतवैद्याकडे न्यावे, कारण किडके दात काढायचे असल्यास जखम भरण्यास दहा ते चौदा दिवस लागतात आणि किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो. पॅथॉलॉजीचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि सीटीच्या चकत्या यांच्या दोन-दोन प्रती करून एक संच घरी ठेवावा.

कळावे,
मामा