शिवणकाम: टेपची कोणती बाजू?

ताईंनो, ब्लाउजचं माप आपण इंचातच घेतो. हात त्यालाच बसलाय, बदलू नका. पण गणवेशाच्या ऑर्डरचा तक्ता सेंटिमीटरमध्ये आला, तर आकडेमोड करत बसू नका. टेप उलटी धरा आणि त्याच बाजूने मापं टाका. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. आपण सोयीसाठी अडीच धरतो. मग ३६ इंच छाती ९१.४ ऐवजी ९० सेंटिमीटरच भरते, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त घट्ट! पन्नास शर्ट उसवायची मजुरी कोण देणार? वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘इंच’ की ‘सेंमी’ ते लिहाच.

कापड घेतानाही बघा. वार ३६ इंचांचा, मीटर ३९.३७ इंचांचा. नऊवारीचे नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच. दुकानात सवयीने नऊ मीटर सांगितलं, की पाऊण मीटरचे पैसे जादा गेले.