खाऱ्या पाण्याच्या टाकीतील आगंतुक

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवण्याचा छंद अलीकडे आपल्याकडेही वाढू लागला आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांतून समुद्रातील जीव लोकांस दाखविण्यास आरंभ झाला, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयावर पुस्तक लिहून ही आवड घरोघर पोचविली. तेव्हापासून हा छंद करणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. टाकीत आपण मासे सोडावेत चार, आणि दोन महिन्यांनी पाहावे तो तीत नाना जातींचे जीव नांदत आहेत!

हे आगंतुक येतात ते बहुधा दगडांतून. टाकीत ठेवावयाचा प्रवाळखडकाचा दगड अतिशय सच्छिद्र असतो. त्याच्या भोकांत, तसेच शेवाळाच्या झुबक्यांत व शंखांच्या पाठीवर अंडी, डिंभ आणि लहानसहान प्राणी दडून बसलेले असतात. आमच्या घरच्या टाकीतील दगड मुंबईच्या एका परिचितांनी आपली जुनी टाकी मोडली तेव्हा आम्हांस दिले. (आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे.)

या आगंतुकांची ओळख पटविताना आमच्या हातून जी चूक झाली ती प्रथम सांगतो. पावसाळ्यातील एका सकाळी आमच्या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा मरून पडलेला दिसला, आणि त्याच्या अंगास गुलाबी रंगाचे, दोन्ही बाजूंस केसांची झालर असलेले पाच-सहा किडे लगडले होते. खुनी सापडले, असे आम्हांस वाटले. शनिवारी टाकी पाहावयास येणारा नववीतील एक विद्यार्थी त्या दिवशी हजर होता. तो म्हणाला, “सर, किडे आले म्हणून मासा मेला, की मासा मेला म्हणून किडे आले?” प्रश्न तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभेल, असे म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेला. सगळे दगड बाहेर काढले, नळाच्या पाण्याखाली ब्रशाने खसखसून घासले व परत ठेवले. किडे गेले, पण चार दिवसांत पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि उरलेल्या तीन माशांपैकी दोन मेले.

कारण पुढे उमगले. माशांच्या विष्ठेतून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया हे विषारी द्रव्य उत्पन्न होते. दगडांवर वसलेले सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट बनवितात. नळाच्या गोड्या, क्लोरीनयुक्त पाण्याने व ब्रशाने आम्ही त्या सूक्ष्मजंतूंचाच संहार केला होता. शिवाय मेलेले, कुजके खाऊन टाकणारे झाडूवाले, म्हणजे ते किडे, तेही नाहीसे केले होते. पहिला मासा कशाने मेला असावा, तर आदल्या रात्री बराच वेळ वीज गेली होती व हवेचा पंप बंद पडला होता. ही नोंद त्या विद्यार्थ्याच्या वहीत होती. आमच्या वहीत नव्हती.

हा किडा वलयी कृमींच्या वर्गातील असून त्याच्या प्रत्येक वलयावर दोन्ही बाजूंस राठ केसांचे झुबके असतात. उघड्या बोटांनी त्यास शिवू नये. ते केस काचेच्या कुसळांप्रमाणे कातडीत मोडून आग करतात. याच कुळातील एक मोठा भाईबंद अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र यांत राहतो. तो मात्र खरोखरच पोवळी कुरतडून खातो, आणि त्याच्यामुळे साऱ्या कुळाचे नाव बद्दू झाले आहे.

इतर पाहुण्यांपैकी काही तर अगदी निरुपद्रवी असतात. काचेवर पांढरे ठिपके दिसून ते मधूनमधून टुणकन उडत असतील, तर ते कोपेपॉड होत. माशांस याहून चांगले अन्न नाही. तांदळाच्या दाण्याएवढा, कुशीवर सरपटणारा, कोळंबीसारखा वाकलेला जीव तो अँफिपॉड. काचेस घट्ट चिकटलेली पांढरी, बारीक वेटोळी पाहून पुष्कळजण गोगलगाईची पिले म्हणतात. पण गोगलगाय चालते, आणि हे वेटोळे जागचे हलत नाही. भिंगाने पाहिल्यास त्याच्या तोंडाशी इवलासा पिसारा दिसतो, कारण ते कृमीचे घर आहे. नखाएवढा तारामासा, ज्याचे काही बाहू लांब व काही आखूड, तो जखमी झालेला नसतो. स्वतःचे दोन तुकडे करून तो वाढतो, म्हणून असा बेढब दिसतो.

खेकडा दिसल्यास त्याच्या नांग्या पाहाव्या. टोके चमच्यासारखी पसरट असतील तर तो बहुधा शेवाळ खरवडून खाणारा. टोके अणकुचीदार व अंग केसाळ असेल तर त्याच्यावर नजर ठेवावी. रात्री टाकीतून टकटक असा आवाज येऊ लागला आणि सकाळी शंख फुटलेले आढळले, तर मँटिस कोळंबीचा संशय घ्यावा. हिच्या एका जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे! आणि दगडाच्या फटीत केवढा जीव दडू शकतो म्हणाल, तर इंग्लंडातील न्यूकी येथील मत्स्यालयात २००९ साली एक देखावा उकलताना सुमारे चार फूट लांबीचा मांसाहारी कृमी निघाला; मासे व पोवळी कोण खातो हे तोवर कोणास कळत नव्हते.

खरा त्रासदायक आगंतुक म्हणजे एप्टेशिया नावाचे तपकिरी, पारदर्शक समुद्रपुष्प. दिसावयास नाजूक, पण त्याचे दंश शेजारच्या पोवळ्यांस मारतात. यास उपटणे म्हणजे पेरणे होय, कारण तळव्याचा कण मागे राहिला तरी त्यातून नवे पुष्प उगवते. आम्ही चिमट्याने एक काढले. महिन्याने तेथे सात होती. शुद्ध चुन्याचा दाट लगदा पिचकारीने त्याच्या तोंडात सोडावा, हा उपाय चालतो. तथापि चुना एका दिवशी फार घालू नये, नाहीतर पाण्याचा गुण बदलतो.

ओळख पटविण्यास साहित्य थोडेच लागते: भिंग, पांढरी बशी, आणि लाल पारदर्शक कागद बांधलेली विजेरी. लाल उजेड या जीवांपैकी पुष्कळांस नीट दिसत नाही, त्यामुळे दिवे मालवल्यावर तासाभराने ते निर्धास्तपणे हिंडताना सापडतात. मग वहीत तारीख घालून चित्र काढावे. रंगापेक्षा पाय किती, वलये आहेत की नाहीत, चालतो की चिकटून राहतो, काय खाताना पाहिला, हे लिहावे. रंग फसवा असतो.

आमच्या टाकीत सध्या मागच्या दगडाखाली एक आगंतुक आहे. पांढरा, दोऱ्यासारखा एक बाहू तो रात्री बाहेर काढतो आणि उजेड पडताच आत ओढून घेतो. भंगुरतारा असावा असा आमचा तर्क आहे. तो विद्यार्थी आता अकरावीत गेला असून त्यास हे मान्य नाही. बाहूवर काटे दिसत नाहीत, असे त्याचे म्हणणे. दोघांची चित्रे प्रयोगशाळेच्या दाराशी लावली आहेत, आणि दगड अद्याप कोणीही उचललेला नाही.