पानावर टिकलेली मराठी

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :
- तंजावर येथील बाजार व खानावळ यांची माहिती सांगू शकाल;
- एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत कसे रुजतात, हे उदाहरणांनी स्पष्ट करू शकाल;
- दंतकथा आणि पुरावा यांतील फरक ओळखू शकाल.

प्रस्तावना

परगावी गेलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दोन प्रश्न पडतात : जेवायचे कोठे, आणि ते मागायचे कोणत्या शब्दांत? तमिळनाडूतील तंजावर येथे हे प्रश्न सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी माणसांना पडले. त्यांनी शोधलेली उत्तरे आजही तेथील स्वयंपाकघरांत आणि खानावळींत सापडतात. ती आपण या पाठात पाहू.

पाठ

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरचा ताबा घेतला. त्यांच्याबरोबर सैनिक, कारकून, पंडित आणि आचारी अशी अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. हा प्रदेश भाताचा. येथे ज्वारीची भाकरी दुर्मीळ आणि कोकणातले आमसूल त्याहून दुर्मीळ. चिंच, नारळ आणि तांदूळ मात्र विपुल. म्हणून या कुटुंबांनी बाजारात जे मिळाले ते घेतले आणि घरच्या रीतीने शिजवले. बाजार तमिळ, चूल मराठी, असा त्यांचा संसार सुरू झाला.

त्या काळी आजच्यासारखी हॉटेले नव्हती. रामेश्वरच्या यात्रेला जाणाऱ्या वाटसरूंसाठी भोसले राजांनी वाटेवर छत्रे बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजी राजे दुसरे यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र प्रसिद्ध आहे. सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रजांना पाठवलेल्या एका पत्रात छत्रांची रीत वर्णिली आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे शिजवलेला भात मिळे. ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसे, त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जाई, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. ज्या काळात पंगतीला बसण्यापूर्वी जात विचारली जाई, त्या काळात ही घंटा जात न विचारता वाजत होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता आजच्या तंजावरकडे वळू. भाजी घेण्यासाठी तेथे 'उळवर संदै' आहे. या शब्दांचा अर्थ शेतकऱ्यांचा बाजार. तमिळनाडू शासनाने ही योजना १९९९ मध्ये सुरू केली. येथे शेतकरी दलालाशिवाय आपला माल थेट ग्राहकाला विकतो. रोजचे भाव ठरवून फलकावर लिहिले जातात. ते साधारणपणे घाऊक भावापेक्षा अधिक आणि बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा कमी असतात. त्यामुळे विकणारा व घेणारा, दोघांचाही लाभ होतो. तमिळ लिपी न येणाऱ्यालाही फलकावरचे आकडे वाचता येतात. भाजीची नावे मात्र शिकावी लागतात : वांगे म्हणजे कत्तरिकाय, कांदा म्हणजे वेंगायम, चिंच म्हणजे पुळी. खरेदी झाल्यावर भाजीवाली मूठभर कढीपत्ता किंवा कोथिंबीर पिशवीत टाकते, त्याला 'कोसुरु' म्हणतात. आपल्याकडचा वरताळा तो हाच.

साध्या खानावळीला तेथे 'मेस' म्हणतात. आपण मराठीत 'पान वाढले' असे म्हणतो, पण पुढ्यात बहुधा ताट असते. तंजावरच्या मेसमध्ये मात्र खरोखर केळीचे पान मांडले जाते. पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवण्याची पद्धत आहे. पानावर पाणी शिंपडून ते पुसले, की भाज्या, लोणचे, पापड आणि भात येतो. आधी सांबार-भात, मग रसम्-भात, शेवटी ताक किंवा दही-भात असा क्रम असतो. वाढपी पुन्हा पुन्हा भात घेऊन येतो. त्याला थांबवण्यासाठी 'पोदुम', म्हणजे 'पुरे', हा एकच शब्द नवख्या माणसाने पाठ करावा. पान दुमडले, की जेवण संपले.

याच भागातील पदार्थांच्या नावांत मराठी भेटते. 'रसवांगी' हा तंजावरकडचा पदार्थ तुरीची डाळ, चिंच, वाटलेला नारळ आणि वांगी घालून करतात. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिकाय हा शब्द असूनही येथे 'वांगी' आले, यावरून नाव कोठून आले ते कळते. 'डांगर पच्चडी' या नावाचा पहिला शब्द मराठी घरातला, दुसरा दक्षिणेतला. उडदाच्या पिठाचे आपले डांगर तेथे दह्यात कालवले जाते. पोळी तेथे 'पोळी' किंवा 'बोळी' झाली. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर आहे. 'पिट्लै' हे नाव पिठल्यावरून आले, असे मानले जाते. मात्र त्यात बेसन नसते. डाळ, कारली किंवा वांगी आणि भाजून वाटलेला मसाला असतो. म्हणजे नाव टिकले, पदार्थ बदलला.

सांबाराविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे आले असता आमटीसाठी आमसूल नव्हते. म्हणून चिंच घातली आणि त्या आमटीला त्यांचे नाव मिळाले, अशी ही कथा. ती ऐकायला गोड आहे, पण तिला समकालीन लेखी पुरावा नाही. 'संभार' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ साहित्य किंवा सामग्री असा आहे आणि विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. तेव्हा हा शब्द राजाच्या नावावरून आला, असे ठामपणे म्हणता येत नाही. रसवांगीची गोष्ट वेगळी. तेथे शब्द स्वतःच साक्ष देतो.

लेखी साक्षही आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठीतील पाककृतींचा जुना ग्रंथ छापून प्रसिद्ध केला आहे. तंजावरच्या राजवाड्यातील स्वयंपाकाची माहिती त्यातून मिळते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निधन पावले. पुरुष वारस नसल्यामुळे कंपनीने राज्य खालसा केले. त्यापूर्वी, १८०३ मध्ये, सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला होता. तो शिलालेख आजही आहे, पण त्याच्यासमोरून जाणाऱ्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. रसवांगी मात्र मराठीचा गंध नसलेली माणसेही नाव घेऊन मागतात.

तंजावरची मराठी कुटुंबे घराबाहेर तमिळ बोलतात, मुले तमिळ किंवा इंग्रजीत शिकतात. त्यांची मराठी मुख्यतः घरात, चुलीपाशी उरली आहे. ज्या दिवशी तेथेही 'वाढ' आणि 'पुरे' हे शब्द थांबतील, त्या दिवशी शिलालेख तिला वाचवू शकणार नाही. भाषा दगडावर कोरल्याने दीर्घकाळ दिसते. रोजच्या पानावर वाढल्याने ती जगते.

शब्दार्थ

शिधा – न शिजवलेले धान्य व इतर साहित्य
वरताळा – मापाहून अधिक दिलेली वस्तू
समकालीन – त्याच काळातील
खालसा करणे – राज्य ताब्यात घेणे

पाठगत प्रश्न

१. छत्रांमध्ये मध्यरात्री घंटा का वाजवली जाई?
२. 'रसवांगी' हे नाव मराठी आहे, हे कशावरून ठरते?
३. सांबाराची कथा ऐतिहासिक सत्य म्हणून का स्वीकारता येत नाही?

स्वाध्याय

१. 'बाजार तमिळ, चूल मराठी' या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
२. तुमच्या घरातील पाच पदार्थांची नावे लिहा. त्यांपैकी कोणती नावे दुसऱ्या भाषेतून आली असावीत, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.
३. तुम्ही परप्रांतात कामासाठी गेलात, तर बाजारात व खानावळीत लागणारे कोणते दहा शब्द प्रथम शिकाल? यादी करा.