एलीयाचा थकवा
शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउट वसाहतीत संगणक-व्यवसायातील असंख्य तरुण राहतात. महाराष्ट्रातून गेलेली आपली मुलेही त्यांत आहेत. त्यांपैकी कोणी घरी फोन करून, “आता काम होत नाही,” असे म्हटले, तर “प्रार्थना वाढव,” एवढेच उत्तर आपण देतो. ते शास्त्राला धरून आहे काय?

कामाचा ताण दीर्घकाळ साचून राहिला की माणूस आतून जळून जातो. यालाच ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेला रोग न म्हणता कामातून उद्भवणारी स्थिती म्हटले व तिची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा व कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे.

एलीयाच्या ठायी याच खुणा दिसतात. कार्मेलावरील विजयानंतर लगेच ईजबेलेची धमकी आली. त्याने चाकराला बैर-शेबा येथे सोडले, एकट्याने रान गाठले आणि झुडपाखाली बसून मरण मागितले. आपण पूर्वजांहून बरे नाही, असे तो म्हणाला. पुढे, विश्वासू असा मी एकटाच उरलो, अशी तक्रारही त्याने केली.

या अध्यायाचे भाषांतर करताना माझी लेखणी एका शब्दापाशी थांबली. चौथ्या वचनात एलीया ‘रव’ म्हणतो, म्हणजे ‘फार झाले’. सातव्या वचनात देवदूत तोच शब्द उच्चारतो : ही वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. देवदूत त्याला दोष देत नाही. त्याचे म्हणणे मान्य करतो!

उपायांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. आधी झोप, मग भाकर व पाणी. पुन्हा झोप, पुन्हा अन्न. देवाने प्रश्न विचारला तो यानंतर, होरेबावर. मग सात हजार विश्वासूंची वार्ता मिळाली आणि काम वाटून घेण्यास अलीशा लाभला. केवळ विसावा पुरला नाही. ओझेही वाटले गेले.

तेव्हा थकलेल्याने झोप व सुटी घ्यावी, कामाचा भार कमी करण्याविषयी वरिष्ठांशी बोलावे, एकटे राहू नये. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य साहाय्य मिळते. होसूर रस्त्यावरील ‘निम्हान्स’ रुग्णालय या वसाहतीपासून दूर नाही. औषध घेणे हा अविश्वास नव्हे.

मननासाठी : आपल्या घरातील थकलेल्या माणसाला आपण प्रथम काय देतो, उपदेश की भाकर?