लहानपणचा सोबती

मंडळी, एक विचारू का? लहानपणी तुम्ही कशाशी खेळत होता? कोणाबरोबर खेळत होता? तो सोबती आज कोठे आहे?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा हाच विषय निघाला. वर्ग शाळेच्या पडवीत भरतो. दिवसाची कामे उरकून पंधरा-वीस माणसे येतात. कोणी शेतकरी, कोणी गवंडी, कोणी मजुरीला जाणाऱ्या बाया. सगळ्यांना जोडाक्षरे येऊ लागली होती. मी म्हटले, "आज पुस्तकातले उतरवायचे नाही. मनातले लिहायचे. लहानपणच्या एका खेळण्याचे नाव लिहा."

सगळ्यांना हसू आले. पण लिहू लागले. कोणी लिहिले ‘विटीदांडू’. कोणी ‘गोट्या’. एका मावशींनी लिहिले ‘ठकी’.

तात्यांनी लिहिले ‘भोवरा’. मग पेन्सिल खाली ठेवली आणि गप्प बसले. तात्यांचे वय सत्तरीला आलेले.

मी विचारले, "काय झाले, तात्या?"

तात्या म्हणाले, "काय न्हाई, गुरुजी. भोवरा लिवला. पन भोवरा ज्याचा हुता, त्याचं नावच मला ठावं न्हाई."

घरी केलेली खेळणी

त्या रात्री वर्ग उशिरापर्यंत चालला. प्रत्येकाला काही ना काही आठवत होते.

पूर्वी खेड्यात खेळणी फारशी विकत आणीत नसत. मुले ती स्वतः करीत. बेंदराला ओढ्याच्या मातीचे बैल करायचे. ज्वारीच्या धाटाची साल काढायची, आतला पांढरा गाभा घ्यायचा आणि सालीच्या काड्या टोचून गाडी जोडायची. दोन रिकाम्या काडेपेट्या आणि मध्ये लांब दोरा, की झाला टेलिफोन! सायकलचे जुने टायर मिळाले, तर तो मुलगा त्या दिवशीचा राजा. चिंध्यांची बाहुली आजी शिवून देई. तिचे डोळे काजळाचे.

ही कला फार जुनी आहे बरे. सिंधू नदीच्या खोऱ्यात मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे जमीन खोदली, तेव्हा मातीच्या लहान लहान गाड्या सापडल्या. त्या चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. ‘मृच्छकटिक’ हे एक जुने संस्कृत नाटक आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘मातीची गाडी’. त्यातल्या लहान मुलाला मातीची गाडी नको असते. शेजारच्या मुलासारखी सोन्याची हवी असते. मुले तेव्हाही अशीच होती! आपल्या कोकणात सावंतवाडीला लाकडी रंगीत खेळणी आजही होतात.

चांदोबा

मग तात्यांनी आपली हकीकत सांगितली.

तात्यांचे नाव शाळेच्या पटावर होते. पण शाळेत ते क्वचितच बसत. घरची गुरे राखायला दुसरे कोणी नव्हते. त्यांचा सोबती मात्र रोज शाळेत जाई. तो मामाकडे राहत होता. त्याचे वडील मुंबईला गिरणीत होते. तो एका जागी कधी ठरत नसे, म्हणून सारे गाव त्याला ‘भिंगऱ्या’ म्हणे. खरे नाव कोणी विचारलेच नाही.

भिंगऱ्याचे वडील शिमग्याला आणि गणपतीला गावी येत. येताना ‘चांदोबा’ मासिकाचे अंक आणीत. शाळा सुटली, की भिंगऱ्या अंक घेऊन माळावर येई. गुरे चरत. भिंगऱ्या वाची आणि तात्या चित्रे पाहात.

‘चांदोबा’ पुष्कळांना आठवत असेल. हे मासिक मद्रासहून निघे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ते 1947 साली तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. 1952 साली ते मराठीत आले. त्यात विक्रम आणि वेताळाचे चित्र असे. राजाच्या एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. ते चित्र शंकर नावाच्या चित्रकारांचे. त्यांचा जन्म 1924 सालचा. 2020 साली ते वारले. पुढे 1964 साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले आणि 1967 साली ‘अमर चित्रकथा’. तीही मराठीत आली. ‘इंद्रजाल’ 1990 साली थांबले. ‘चांदोबा’ही आता निघत नाही.

तात्या म्हणाले, "चित्रं मला समदी पाठ हुती. अक्षरं मातुर भिंगऱ्याची."

अर्धी राहिलेली गोष्ट

एकदा भिंगऱ्याने मामाच्या माळ्यावरून एक फाटके पुस्तक काढले. ते होते ‘वेताळपंचविशी’. वेताळाच्या पंचवीस जुन्या गोष्टी त्यात असतात. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. आणि बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल!

1966 सालच्या एका संध्याकाळी भिंगऱ्याने तीन भावांची गोष्ट वाचली. तिघेही भारी चोखंदळ. पहिल्याने पुढ्यातला भात खाल्ला नाही. म्हणाला, "याला चितेच्या धुराचा वास येतो." चौकशी केली. ते शेत खरोखरच स्मशानाजवळचे होते. दुसरा एका बाईजवळ बसेना. म्हणाला, "हिला शेळीचा वास येतो." चौकशी केली. ती बाई लहानपणी शेळीच्या दुधावर वाढली होती. तिसरा सात गाद्यांवर झोपला आणि रात्री ओरडत उठला. सातव्या गादीखाली एक केस होता. त्याचा लाल वळ तिसऱ्याच्या अंगावर उठला होता.

वेताळाने विचारले, "राजा, या तिघांत खरा चोखंदळ कोण?"

भिंगऱ्याने पुस्तक मिटले. म्हणाला, "आधी तू सांग."

तात्या म्हणाले, "तिसरा. त्याला लागलं न्हवं का!"

"बरूबर का चूक, ते उद्या सांगतो," असे म्हणून भिंगऱ्या घरी गेला. जाताना आपला भोवरा तात्यांच्या हातात देऊन गेला.

त्याच रात्री मुंबईहून निरोप आला. भिंगऱ्याची आई आजारी होती. पहाटेच्या एस.टी.ने मामा त्याला मुंबईला घेऊन गेला. तो परत आला नाही. काही वर्षांनी मामाही वारला. घर बंद पडले, मग ढासळले.

तात्या म्हणाले, "साठ वर्सं झाली. मी बरूबर हुतो का चूक, ते कळलंच न्हाई."

रजिस्टरातले नाव

मी म्हटले, "तात्या, नाव शोधू या. शाळेच्या जुन्या रजिस्टरात असेल."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी कपाट उघडून जुने रजिस्टर काढून दिले. मी वाचणार, तोच तात्या म्हणाले, "थांबा. मी वाचतो."

बोट ठेवून ते एकेक ओळ वाचू लागले. पाऊण तास गेला. मामाचे नाव पालकाच्या रकान्यात सापडले. त्याच ओळीत भिंगऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. जन्मगाव आणि तालुकाही लिहिलेला होता.

त्याच पानावर खाली तात्यांचे स्वतःचे नाव होते. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिले होते. तात्यांनी तेही वाचले. "स-त-त गै-र-ह-ज-र."

काही वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं हाय. पन गुरुजी, मी गुरांमागं हजर हुतो."

तात्यांचे पत्र

भिंगऱ्याच्या जन्मगावच्या सरपंचांना तात्यांनी कार्ड लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. भिंगऱ्याच्या चुलत भावाकडून माहिती मिळाली होती. भिंगऱ्या मोठेपणी वडिलांच्याच गिरणीत लागला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही. भिंगऱ्याही त्यांतला एक. लालबागची खोली गेली. आता तो मुलाकडे बदलापूरला होता. पत्ता खाली दिला होता.

मग तात्यांनी हे पत्र लिहिले. कोणाची मदत घेतली नाही.

"प्रिय भिंगऱ्या,
मी तुझा गुरे राखणारा दोस्त. हे पत्र मी स्वता लिहितो आहे. मला आता वाचता येते. तुझा भोवरा माझ्यापाशी आहे. आर गंजली आहे पण भोवरा फिरतो. माळावर आता सोलरच्या पाट्या बसल्या. आपले चिंचेचे झाड आहे. एकच विचारतो. विक्रमाने काय उत्तर दिले? मी बरोबर होतो का?
तुझा दोस्त."

यात ‘स्वतः’ या शब्दाचा विसर्ग राहिला आहे. मी तो मुद्दाम दुरुस्त केला नाही.

उत्तर

महिनाभर काही आले नाही. तात्या रोज पोस्टमनची वाट पाहात. मग एक जाड पाकीट आले. पत्र भिंगऱ्याच्या सुनेच्या हातचे होते.

तिने लिहिले होते, "मामंजींना काचबिंदू झाला. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नाही. तुमचे पत्र मी त्यांना तीन वेळा वाचून दाखवले. ते सांगतात तसे लिहिते. ‘गड्या, त्या रात्री पुस्तक मामाच्या घरीच राहिले. विक्रमाचे उत्तर मीही विसरलो. आता मला वाचता येत नाही. तुला येते. तू वाच आणि मला सांग.’"

खाली फोनचा नंबर होता.

तालुक्याच्या ग्रंथालयात ‘वेताळपंचविशी’ मिळाली. तात्यांनी ती गोष्ट आधी आठ दिवस घरी वाचून पक्की केली. मग वर्गात बसूनच फोन लावला. आम्ही सारे ऐकत होतो. तात्या सावकाश वाचत होते. पहिला भाऊ झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. वेताळाने प्रश्न घातला. तात्या थांबले. म्हणाले, "भिंगऱ्या, आधी तू सांग."

पलीकडून म्हाताऱ्या आवाजात उत्तर आले, "तू म्हनला हुतास, तिसरा."

तात्यांनी पुढे वाचले. राजा म्हणाला, "तिसरा. पहिल्या दोघांनी कोणाला विचारून माहिती काढली असेल. पण अंगावर उठलेला वळ खोटा नसतो."

"बरूबर हुतास की रं!" पलीकडून आवाज आला. मग दोघेही काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

आता दर रविवारी तात्या फोनवरून एक गोष्ट वाचतात.

आपण काय करावे?

सगळ्यांचेच सोबती सापडतील असे नाही. ठकी लिहिणाऱ्या मावशींनी आपली मैत्रीण शोधली. मुलींचे तर जास्त कठीण. लग्नानंतर आडनाव बदलते, गाव बदलते, कधी नावही बदलते. मावशींनी मैत्रिणीच्या माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकले. ते परत आले. मावशी दोन दिवस उदास होत्या. मग त्यांनी चिंध्यांची एक ठकी शिवली, तिला मैत्रिणीचे नाव दिले आणि ती नातीला दिली. नात आता त्या नावाने ठकीला हाक मारते.

गेलेले दिवस परत येत नाहीत. नुसती हळहळ करून काय होणार? पण आता तुमच्या हातात अक्षर आहे. त्याचा उपयोग करा.

पत्र लिहिताना एवढे ध्यानात ठेवा. टोपणनाव आत लिहा, पत्त्यावर पूर्ण नाव लिहा. घर, गाव, तालुका, जिल्हा, असा क्रम ठेवा. शेवटी पिन कोड लिहा. पिन कोड सहा आकड्यांचा असतो. तो आपल्या देशात 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. महाराष्ट्राचा पिन कोड 4 या आकड्याने सुरू होतो. आणि आपला स्वतःचा पत्ता लिहायला विसरू नका. नाहीतर उत्तर येणार कोठे?

प्रश्न

1. तात्यांना भिंगऱ्याचे खरे नाव का ठाऊक नव्हते? ते कोठे सापडले?
2. "मी गुरांमागं हजर हुतो," असे तात्या का म्हणाले?
3. राजाने तिसरा भाऊच खरा का मानला? तुम्हांला ते पटते का?
4. मावशींना मैत्रीण शोधणे कठीण का गेले?

करून पाहा

1. लहानपणच्या एका खेळण्याविषयी पाच ओळी लिहा. शक्य असेल तर ते खेळणे नातवंडांना करून द्या.
2. जुन्या सोबत्याला किंवा मैत्रिणीला पत्र लिहा. शब्द चुकला तरी चालेल. पत्र पेटीत टाका.