हर्णैचा परदेशी विद्यार्थी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्री नदी जेथे सागराला मिळते, तेथे बाणकोट हे गाव आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले म्हणजे हर्णै लागते आणि समोरच्या पाण्यात सुवर्णदुर्गाचा तट दिसू लागतो. मुलांनो, या दोन गावी १८२९ साली चोवीस वर्षांचा एक परदेशी तरुण मराठी शिकत होता. मुंबईतील विल्सन कॉलेज पुढे ज्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, तेच हे जॉन विल्सन.

विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडमधील लॉडर या गावी झाला. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करावा, या हेतूने ते व त्यांच्या पत्नी मार्गारेट हिंदुस्थानास निघाली. सुवेझचा कालवा त्या काळी नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून जहाज येई. फेब्रुवारी १८२९ मध्ये ती दोघे मुंबईस पोहोचली. परंतु ज्यांना उपदेश करावयाचा, त्यांची भाषा आल्यावाचून काय उपयोग? म्हणून उपदेशकाला आधी शिष्य व्हावे लागले.

हे शिक्षण सोपे नव्हते. इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला आपला ‘ळ’ आणि ‘ण’ हे वर्ण परके. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली. तोही तेव्हा हाताशी नव्हता. तथापि उभयतांनी चिकाटी सोडली नाही. त्याच वर्षी ती मुंबईस परतली, तेव्हा त्यांना मराठीत आपले विचार मांडता येऊ लागले होते. मुलींना शाळेत धाडण्याची चाल नव्हती, अशा काळी मार्गारेटबाईंनी त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली.

आता सारे सुरळीत चालेल असे वाटत होते. पण तसे घडले नाही. १८३५ साली मार्गारेटबाई निवर्तल्या. घरात मुले लहान होती. पुढे बाईंच्या दोघी बहिणींनी स्कॉटलंडहून येऊन मुलींच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. विल्सन यांच्या प्रचाराला येथील विद्वानही जाहीर वादविवादांत खणखणीत उत्तरे देत होते. १८३९ मध्ये शाळेतील पारशी तरुणांनी धर्मांतर केले, तेव्हा शहरात प्रक्षोभ झाला आणि पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये तर खुद्द स्कॉटलंडच्या चर्चमध्येच फूट पडली. विल्सन नव्या पक्षास मिळाले. त्यामुळे मिशनच्या मालमत्तेवरील हक्क सोडून शाळेची घडी पुन्हा नव्याने बसवावी लागली.

पत्नी गेली, विद्यार्थी गेले, मालमत्ता गेली. मात्र एक गोष्ट कोणासही हिरावून घेता आली नाही. ती म्हणजे आत्मसात केलेली विद्या. गिरनारच्या शिलालेखाची नक्कल त्यांनी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे धाडली. अशोकाचे लेख वाचण्याच्या कामी तिचा उपयोग झाला. १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात मराठी भाषेवरील एक विवेचक लेख आहे. तो लिहिला कोणी? अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाणकोट-हर्णैला मराठीचे धडे गिरविणाऱ्या त्या विद्यार्थ्याने! पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा अंत झाला.

विल्सन यांची सर्वच मते आपणास मान्य होतील असे नाही. त्यांच्या काळीही ती सर्वांना मान्य नव्हती. परंतु कोकणातील मुले विद्येसाठी व पोटापाण्यासाठी आजही दूरदेशी जातात. तेथे गेल्यावर योजलेले बेत फसतील, जिवलग माणसे अंतरतील, जागा सोडावी लागेल. अशा वेळी तेथील लोकांची भाषा शिकावी आणि हातचे काम सोडू नये, एवढे हर्णैच्या या विद्यार्थ्याकडून अवश्य घ्यावे.

अभ्यास

१. उपदेशकाला आधी शिष्य का व्हावे लागले?
२. विल्सन यांच्यावर कोणकोणते अनपेक्षित प्रसंग आले? त्यांतून काय टिकून राहिले?
३. परक्या गावी जाऊन राहिलेल्या तुमच्या नात्यातील एखाद्या व्यक्तीला तेथील अनुभव विचारा व दहा ओळींत लिहा.